सान कायेतानोचा तिप्पट वेग

मारिविक गुम्बानने नोकरीत ढिगाने अहवाल लिहिले, पण वरच्या साहेबाने शेवटच्या पानापर्यंत वाचला असा एकच. त्याचा पश्चात्ताप तिला पुढे वर्षभर पुरला.

ती हियास मोबाइलच्या इलोइलो कचेरीत नेटवर्क नियोजनाची प्रमुख होती. हियास म्हणजे रत्न. ग्राहक मात्र या रत्नाचा उल्लेख करताना आधी एखादा वेगळाच शब्द वापरत, आणि तो इथे लिहिण्यासारखा नाही. कुठल्या टॉवरवर काय बसवायचं, त्याला खर्च किती आणि त्यातून कंपनीच्या हाती लागणार किती, हे ठरवणं मारिविकचं काम. म्हणजे ती सांगायची आणि मनिलातले साहेब ठरवायचे. ही वाटणी दोघांनाही मान्य होती, कारण चुकलं की चूक कोणाची हे आधीच ठरलेलं असे.

कंपनीने सरकारकडून रेडिओ लहरींचे तीन बँड घेतले होते. खालचा बँड लांब पोचणारा पण अरुंद. मधला मध्यम, सरकारी कारकुनासारखा, फार धावत नाही आणि अगदी बसूनही राहत नाही. वरचा चांगला ऐसपैस, पण दोन नारळीच्या बागा ओलांडल्या की त्याला धाप लागायची. वापरा नाहीतर कुजवा, तिन्हींची फी सरकारजमा करावीच लागे. इतके दिवस एक फोन एका वेळी एकाच बँडवर स्वार व्हायचा. मग यंत्रं विकणाऱ्यांनी नवी टूम काढली. तिन्ही बँड एकत्र जोडा, म्हणजे एकच फोन एकाच वेळी तिन्हींतून ओढेल. अट एवढीच की प्रत्येक टॉवरला, जोडलेल्या प्रत्येक बँडमागे, दरवर्षी लायसन्सचे पैसे मोजायचे. लहरी सरकारच्या, टॉवर आपला, आणि त्या एकमेकांना जोडायची परवानगी तिसऱ्याची. भटजीने लग्न लावून द्यावं आणि मग दर वाढदिवसाला दक्षिणा मागायला यावं, तसा प्रकार.

मनिलाच्या मुख्य कचेरीतले विक्रीप्रमुख डोंडोन साहेब यांना ही टूम फार आवडली. पन्नाशी उलटलेल्या, परदेशातून दोन पदव्या आणलेल्या माणसाला डोंडोन म्हणतात यात आमच्याकडे कोणाला काही वाटत नाही. आजीने पाळण्यात ठेवलेलं नाव माणूस निवृत्तीपर्यंत नेतो. साहेबांना योजना आवडली, कारण 'तिप्पट वेग' हे शब्द मोठ्या फलकावर नीट मावत होते.

गिमारास बेटावरच्या सान कायेतानो गावासाठी मारिविकने अहवाल लिहिला तो नेमका याविरुद्ध. आपल्या तिथल्या ग्राहकांपैकी तिन्ही बँड एकदम पकडू शकतील असे फोन शंभरात जेमतेम चार. शिवाय त्या टॉवरला इलोइलोशी जोडणारा दुवा म्हणजे खाडीपलीकडे रोखलेली एक जुनी तबकडी, तिच्यातून येईल तेवढंच येणार. तेव्हा दोनच बँड जोडावेत, खालचा आणि मधला. तेवढं तर स्वस्तातल्या फोनलाही जमतं आणि लांबच्या वस्त्यांनाही उपयोग होतो. तिसऱ्याचं लायसन्स घेऊ नये, ते पैसे दुवा रुंद करायला वापरावेत.

दोन दिवसांनी डोंडोन साहेब पडद्यावर प्रकटले.

"मारिविक, तुझा अहवाल वाचला. अगदी शेवटपर्यंत! अप्रतिम!"

"थँक्यू, सर. मग तिसरा बँड रद्द ना?"

"रद्द? वेडी आहेस का? अगं, शंभरात चारच फोन! म्हणजे रस्ता सगळा मोकळा. आपला प्रात्यक्षिकाचा फोन एकटाच सुसाट पळणार. असं गाव मी महिनाभर शोधत होतो. देशातलं सर्वांत वेगवान गाव, सान कायेतानो!"

"पण सर, तो वेग वापरणार कोण?"

"वापरायचा कशाला? मोजायचा, फोटो काढायचा, छापायचा."

"आणि दुवा? सर, नळाला तीन तोट्या लावल्या म्हणून टाकीत पाणी वाढत नाही."

"एकच माणूस पाणी पिणार असेल, तर टाकी पुरते की नाही?"

हिशेब बरोबर होता. एका माणसाला टाकी पुरत होती. मारिविकने मान हलवली, साहेबांनी ती होकारार्थी समजली, आणि गावाच्या जत्रेच्या दिवशी, संत कायेतानोची मिरवणूक मैदानात पोचताच, उद्घाटन ठरलं.

सान कायेतानोत मारिविकची थोरली बहीण एडना राहायची. धक्क्याजवळ तिची खाणावळ. नवरा नेस्टर मालवाहू बोटीवर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. मारिविक सामान बसवायच्या कामावर देखरेख करायला बेटावर गेली की जेवायला तिथेच.

"मानांग, आता तुमच्या गावात तीन बँड येणार," तिने ताईला सांगितलं.

"एक तरी नीट वाजव आधी," एडनाने तिच्या पुढ्यात डुकराच्या मांसाचं आणि फणसाचं कालवण आदळलं. "तुझ्या कंपनीच्या सिमवर नेस्टरचा फोन आला की मी परसात, डुकरांच्या गोठ्यामागे उभी राहून बोलायची. तो म्हणायचा, तुझ्याजवळ कोण घोरतंय? त्या दुसऱ्या कंपनीचं, लाकासचं सिम घेतलं तेव्हा कुठे घरात बसून भांडता यायला लागलं."

"बहिणीच्या कंपनीचं सिम टाकून दिलंस?"

"इंदाय, पोरी, तुझ्यासाठी मी जीव देईन. पण नवऱ्याशी भांडताना आवाज तुटला तर चालत नाही."

बोलता बोलता एडनाने व्हिनेगरच्या बाटलीला टेकवून ठेवलेला फोन पुसला. नवाकोरा, काचेवरचं प्लास्टिकही न काढलेला. मारिविकच्या महिन्याच्या पगाराला भारी पडेल असा. मारिविकने तो पाहिला आणि भात वाढून घेतला. वीस पानी अहवाल लिहिणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोरचं दिसावं अशी अपेक्षा कोणी करू नये.

जत्रेचा दिवस उजाडला. नगरपालिकेसमोरच्या मैदानात मांडव, रंगीत पताका, निखाऱ्यावर फिरणारी अख्खी डुकरं. कडेला स्टेज, त्यावर भिंतीएवढा पडदा, त्या पडद्यावर वेगाचा आकडा दिसणार होता. सकाळच्या तालमीत तो सहाशेपर्यंत चढला. डोंडोन साहेब बारोंग, म्हणजे आमच्याकडचा समारंभाचा झिरझिरीत सदरा, घालून आले होते, इतका पारदर्शक की आतली बनियनही आयात केलेली आहे हे कळावं. आकडा पाहून त्यांनी मारिविकच्या खांद्यावर हात ठेवला. "शंभरात चार! तुझे उपकार आहेत."

आणि तेवढ्यात तिला मांडवाच्या टोकाला ती रांग दिसली.

विक्री विभागाने टेबल लावलं होतं. 'हियासचं सिम फुकट, आठवडाभर डेटाही फुकट.' हे नियोजन विभागाला कोणी कळवलं नव्हतं. सिम वाटण्याचा नियोजनाशी काय संबंध? रांग चर्चच्या पायऱ्यांपर्यंत पोचली होती. मारिविक जवळ गेली आणि लोकांच्या खिशांतून, पिशव्यांतून, बास्केटमधून जे फोन बाहेर निघत होते ते ती एकेक करून मोजू लागली. हे फोन तिने विमानतळावरच्या जाहिरातींत तेवढे पाहिले होते.

एक म्हातारा कोळी आपल्या फोनची बारीक खाच खिळ्याने उघडत होता.

"नोंग, हा फोन कुठे घेतला?" तिने अदबीने विचारलं.

"घेतोय कशाला? पोरगी जेद्दाला नर्स आहे. तिने पाठवला."

"आणि तुमच्याकडे? तुमचा?" तिने मागच्या बाईला विचारलं.

"नवऱ्याने आणला, कतारहून. दोन आणले. एक सासूला."

"सासूलाही?"

"तिने मागितला ना, मॅम. तीन कॅमेऱ्यांचा हवा म्हणाली. कोंबड्या मोजायला."

"मग आधी आमचं सिम नव्हतं का कोणाकडे?"

रांग हसली. "होतं की!" म्हातारा म्हणाला. "ह्या फोनात घातलं आणि बघितलं, फोन चांगला आणि सिम मुडदा. टाकून दिलं. आज फुकट आहे म्हणून परत."

मारिविकने मनातल्या मनात पुन्हा बेरीज केली. शंभरात चार हा हिशेब सान कायेतानोचा नव्हताच. कंपनीला अजून सोडून न गेलेल्यांचा होता तो. ज्याच्या घरी परदेशातून चांगला फोन आला, तो पहिल्या आठवड्यातच लाकासकडे पळाला. मागे राहिले ते बटणांच्या फोनवाले, आणि तिने त्यांनाच मोजून गाव गरीब ठरवलं होतं. दवाखान्यात जाऊन माणसं मोजायची आणि गावात निरोगी कोणीच नाही असं लिहायचं, त्यातली गत. आणि आज कंपनी स्वतः, स्वतःच्या खर्चाने, त्या सगळ्यांना परत बोलावत होती.

ती धावत स्टेजमागे गेली. "सर, सिम वाटणं थांबवा. हे सगळे फोन तिन्ही बँड पकडणारे आहेत. एकदम सुरू झाले तर दुवा बसेल."

डोंडोन साहेबांनी रांगेकडे प्रेमाने पाहिलं. "बघ, बघ गर्दी! याला म्हणतात प्रतिसाद. आणि तूच म्हणालीस ना, चार?"

"मी चुकले, सर."

"आज नाही चुकायचं. पुढच्या तिमाहीत चूक."

मिरवणूक मैदानात आली. संताची मूर्ती, मागे बँड, वाजणारा. आणि अख्ख्या गावाने एकाच वेळी फोन वर केले. जेद्दा, दोहा, हाँगकाँग, मिलान, जिथे जिथे गावची माणसं होती तिथे तिथे जत्रा थेट जाऊ लागली. त्याच मुहूर्तावर डोंडोन साहेबांनी माइक हातात घेतला आणि मेयर पुरिता गालेदा यांना स्टेजवर बोलावलं. मेयर बाईंची मुलगी चेरी लिन डब्लिनला नर्स. देशातल्या सर्वांत वेगवान गावातून तिच्याशी पहिला कॉल लागणार होता, भिंतीएवढ्या पडद्यावर.

कॉल लागला. चेरी लिन दिसली. "हॅलो म..." म्हणाली आणि थिजली. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटलेला, दुसरा वर. शेजारचा आकडा सहाशेवरून नव्वदवर आला, तिथून बारावर, मग दोनवर, आणि तिथे लाजून उभा राहिला. भिंतीएवढी चेरी लिन तशीच राहिली. मैदानातून कोणीतरी ओरडलं, "मेयर, पोरीला शिंक येतेय!" हशा पिकला. मेयर बाई हसल्या नाहीत. पुढच्या निवडणुकीत कोणाचं काय करायचं याची आठवण ठेवणारा चेहरा करून त्या उभ्या राहिल्या.

डोंडोन साहेब स्टेजमागे आले. घामाने बारोंग आणखी पारदर्शक झाला होता. "सगळ्यांना बंद कर! फक्त स्टेजचा फोन चालू ठेव. दहा मिनिटं!"

"सर, सगळं गाव बोलतंय आत्ता. काही झालं तर कोणाला डॉक्टरलाही फोन लागणार नाही."

"दहा मिनिटांत कोण मरतंय?"

मारिविकने इलोइलोच्या कंट्रोल रूमला फोन लावला. तिथे तिचा इंजिनिअर जूनरी होता.

"मॅम, इथे सगळं लालेलाल आहे. मनिलाहून पण निरोप आला, गावाला बंद करा म्हणून. करू?"

तिने मैदानाकडे पाहिलं. एडना गर्दीच्या मधोमध उभी, फोन डोक्यावर धरलेला, समुद्रावरच्या नेस्टरला मूर्ती दाखवत होती आणि "दिसतंय का? आता? आणि आता?" असं जगाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारत होती. तिनेही फुकटचं सिम घेतलं होतं तर.

"बंद नको करू," मारिविक म्हणाली. "प्रत्येक फोनला मर्यादा घाल. सगळ्यांना थोडंथोडं."

"स्टेजच्या फोनलाही?"

"आधी त्याला."

हे तिने शौर्याने केलं असं कोणी समजू नये. एडनाचा कॉल तोडून संध्याकाळी एडनाच्याच घरी जेवायला बसायची तिची हिंमत नव्हती. साहेब रागावले तर बदली होते. बहीण रागावली तर आयुष्य जातं.

मिनिटभरात मैदानातला "दिसतंय का, दिसतंय का"चा गजर थांबला. दिसत होतं. थोडं धुरकट, पण दिसत होतं. पडद्यावर चेरी लिनने डोळा उघडला, तोंड मिटलं, आणि सगळ्या गावाला ऐकू येईल असं म्हणाली, "ममा, तुझ्यामागे तो पारदर्शक कपड्यातला माणूस कोणावर एवढा ओरडतोय?"

डोंडोन साहेबांनी मागे वळून पाहिलं. शेजारचा आकडा तीनवर स्थिर होता. मोठा माणूस मोठा का असतो ते अशा वेळी कळतं. त्यांनी माइक उचलला, हात पसरले आणि गर्जले, "तीन! तीन बँड, म्हणून तीन!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्थात अर्ध्या लोकांचं लक्षच नव्हतं, ते पोराबाळांशी बोलत होते.

जेवणावळीत मेयर बाईंनी दोघांना आपल्या टेबलावर बसवलं. स्वतःच्या हाताने डुकराची कुरकुरीत साल डोंडोन साहेबांच्या ताटात वाढली.

"खा, सर. आवडतं ना? छान. माझ्या मुलीचा चेहरा कसा दिसत होता हो?"

"मेयर, तांत्रिक..."

"दुपारपासून तेरा जणांनी मला तो फोटो पाठवला. एकाने तर त्याचं शिंकायचं चित्र करून पाठवलं." त्यांनी सोया सॉसची वाटी पुढे सरकवली. "तुमचा टॉवर नगरपालिकेच्या जागेत आहे, नाही का? भाडेकरार डिसेंबरात संपतो. घ्या ना, अजून घ्या."

साहेबांनी अजून घेतलं.

मनिलाला पोचल्यावर त्यांनी घडल्या प्रकाराची कारणमीमांसा केली. कारण मारिविक निघालं. ती काही अगदीच खोटी मीमांसा नव्हती, हेच तिला जास्त लागलं. एडनाकडे जेवताना ती म्हणालीही, "चूक माझीच होती, मानांग. तुझा फोन माझ्या नाकासमोर होता."

"मी पुसत पण होते," एडना म्हणाली. "मला वाटलं, बहीण इंजिनिअर आहे, विचारील तरी. तू भात वाढून घेतलास."

मारिविकने दुसरा अहवाल लिहिला. जत्रेच्या दिवशी टॉवरवर आलेल्या फोनांपैकी निम्म्याहून जास्त तिन्ही बँड पकडणारे निघाले होते. म्हणजे तिसरं लायसन्स इथे वाया जाणार नव्हतं, उलट इथेच फळणार होतं, फक्त खाडीपलीकडचा दुवा रुंद करा. परदेशातून पैसा येणाऱ्या घरांत बोलण्यावर खर्च करताना कोणी हात आखडत नाही. लाकासकडे गेलेले परत येतील. फुकटचा आठवडा संपायच्या आत निर्णय घ्या, नाहीतर पुन्हा जातील.

मनिलाहून उत्तर आलं. आपल्याच पहिल्या अहवालानुसार सदर गावात असे फोन शंभरात चार आहेत. दोन मारिविकांपैकी कंपनीने कोणत्या मारिविकवर विश्वास ठेवावा, हे कळवावे.

तिने कळवलं: दुसऱ्या. त्याला उत्तर आलं नाही. फुकटचा आठवडा संपला, आणि सान कायेतानोने सिमं काढून लाकासची परत घातली. म्हाताऱ्या कोळ्याने खिळा जपून ठेवला होता.

कंपनीला जाग आली ती मेयर बाईंच्या नोटिशीने. रुंद दुवा द्या, नाहीतर डिसेंबरात टॉवर उचला. नियोजनाच्या खात्यात जे पैसे नव्हते ते आता 'स्थानिक सौहार्द' नावाच्या खात्यात सापडले. पण नवी मोठी तबकडी बसवायला आता वेळ उरला नव्हता. खाडीखालून फायबरची केबल होती, ती एकाच कंपनीची, लाकासची. हियासने ती भाड्याने घेतली. मारिविकने मागितले होते त्याच्या तिप्पट पैसे दरवर्षी. तिप्पट हा शब्द शेवटी असा खरा ठरला.

एवढं करून तीन बँड मात्र खरोखर वाजले. गाव हळूहळू परत आलं. भाड्यालाही पुरेना आणि सोडायलाही जीव होईना, इतपत पैसा मिळायला लागला. हातून गेलेल्या ग्राहकांचं लाकासवाल्यांना वाईट वाटलं, पण भाडं घेताना त्यांनी ते दिसू दिलं नाही. डोंडोन साहेबांना बढती मिळाली. आता ते साऱ्या बेटांसाठी 'सान कायेतानो मॉडेल' राबवणार होते, आणि मारिविकला पहिल्याच आठवड्यात निरोप आला: पुढचं गाव कालापनान, सोमवारपर्यंत अहवाल हवा, आणि या वेळी शंभरात किती ते नीट मोज.

मारिविकने संगणक बंद केला, बस पकडली आणि कालापनानच्या मासळीबाजारात जाऊन उभी राहिली. कोण कसला फोन काढतं, कोणाच्या हातात काय, कोणाची बायको काय कानाला लावते, हे ती टक लावून पाहत राहिली. जवळून दिसावं म्हणून एकदोघांच्या मागे मागेही गेली. शेवटी मागून तिच्या खांद्यावर काठी टेकली. गावचा राखणदार होता.

"मॅम, तुम्ही मघापासून लोकांच्या फोनांवर डोळा ठेवून आहात. मागच्या महिन्यात इथे चार चोऱ्या झाल्या. चला कॅप्टनकडे."

"अहो, मी चोर नाही," तिने घाईघाईने ओळखपत्र काढलं. "मी हियास मोबाइलची."

राखणदाराने ओळखपत्र वाचलं, पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा जास्तच कडक झाला.

"हियास? मग तर चलाच."

गावच्या कॅप्टनने, म्हणजे तिथल्या सरपंचाने, सगळं ऐकून घेतलं. मग तिला खुर्ची दिली, काळी कॉफी दिली, आणि खिडकीतून बाजाराच्या दिशेने हाळी घातली की हियासची बाई सापडली आहे, ज्याला ज्याला तिला काही ऐकवायचं असेल त्याने आपापला फोन पुरावा म्हणून घेऊन यावं.

बघता बघता दारात रांग लागली. पहिल्या बाईने फोन टेबलावर आपटला आणि तोंड सोडलं. मारिविकने शिव्या ऐकत तो फोन उलटा करून मागचा मॉडेलचा नंबर पाहिला, कागदावर एक रेघ ओढली आणि म्हणाली, "बोला, अजून बोला. आणि घरात दुसरा असेल तर तोही आणा."

इतकी स्वस्त पाहणी कंपनीने आजवर कधी केली नव्हती.